वस्तीतली कुटुंबं संग्रहालयात न्यायची तर: देणगीपासून परतीच्या लोकलपर्यंत

ठाण्याहून भायखळा लोकलने पाऊण-एक तासावर. राणीच्या बागेच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून तिथे उभं आहे आणि त्याचं तिकीट मुंबईतल्या सगळ्यात स्वस्त तिकिटांपैकी एक. तरी लोकमान्यनगरच्या चाळीतलं किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीतलं कुटुंब तिथे पोचत नाही, कारण खर्च तिकिटाचा नसतोच मुळी. खर्च असतो पाच माणसांच्या जाण्यायेण्याचा, बाहेरच्या खाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा. शिवाय ‘आपल्याला आत सोडतील का’ हा प्रश्न असतो, तो कुणी बोलून दाखवत नाही.

हे लिहिलंय ते ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या संस्था, बचतगट, मंडळं आणि एखादा हौशी शिक्षक यांच्यासाठी. देणगी मिळवून वस्तीतल्या कुटुंबांना, म्हणजे आई-बाप, आजी आणि पोरं अशा सगळ्यांना, संग्रहालय दाखवायचं ठरवलं तर काम कुठून सुरू करायचं, ते इथे आहे. शाळेची सहल हा निराळा विषय. त्याला शिक्षण खात्याची परवानगी लागते आणि त्याचे नियमही वेगळे.

आधी अंदाजपत्रक, मग देणगीदार

बहुतेक नवे लोक उलटं करतात. ओळखीच्या कंपनीत जाऊन “तिकिटांना मदत करा” म्हणतात, पाच हजार मिळतात आणि रिक्षा, जेवण, पाणी स्वतःच्या खिशातून भरत बसतात. दुसऱ्या फेरीला उत्साह संपतो. म्हणून दारापासून दारापर्यंतचा पूर्ण दिवस कागदावर मांडा.

नमुना म्हणून १० कुटुंबं घ्या: २० मोठी माणसं, २४ मुलं आणि त्यातली ६ मुलं पाचाच्या आतली. सोबत ४ स्वयंसेवक. एकूण ४८ माणसं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि ५ ते १२ वयाला अर्धं, पण अंदाजपत्रकात पाचाच्या आतली ६ सोडून बाकी ४२ जणांना पूर्ण धरलेलं बरं. दर आपापल्या वेळचे टाका. खालचे आकडे फक्त मांडणी कळण्यासाठी धरलेले आहेत.

घर ते स्टेशन, रिक्षा किंवा बस, जाऊन-येऊन, कुटुंबामागे १०० रुपये: १,०००
लोकल, ४२ माणसं, जाऊन-येऊन ३० रुपये: १,२६०
प्रवेश, ४२ माणसं, सरासरी २० रुपये: ८४०
नाश्ता, जेवणाचा डबा, दुपारचा चहा-बिस्किट, ४८ माणसं, १२० रुपये: ५,७६०
मुलांना चित्रवही आणि पेन्सिल, २४ मुलं, ४० रुपये: ९६०
मराठीत समजावून सांगणाऱ्याचं मानधन: १,५००
गळ्यात अडकवायची ओळखपत्रं, प्रथमोपचार, छपाई: ७००

बेरीज १२,०२०. त्यावर दहा टक्के वरखर्चाला, म्हणजे १,२००. एकूण १३,२२०, कुटुंबामागे १,३२२ रुपये. यात प्रवेशाचे ८४० म्हणजे शंभरातले सहा-सात रुपये. देणगीदारासमोर हाच आकडा ठेवा. “तिकीट माफ करून घ्या की” असं सुचवणाऱ्याला त्याहून चांगलं उत्तर नाही. अर्थात काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी तिकीट बरंच जास्त असतं आणि हे गणित बदलतं. तिथे सवलतीचं पत्र मिळाल्याशिवाय बेत ठरवू नका.

वर्षाला आठ फेऱ्या धरल्या तर १,०५,७६० रुपये होतात. ही रक्कम मध्यम कंपनीला लहान वाटते, रोटरी किंवा लायन्सच्या एका क्लबला झेपणारी आहे आणि तुमच्यासारख्या नवख्यांना सांभाळता येण्याजोगी आहे. पहिल्याच वर्षी पन्नास फेऱ्यांचा प्रस्ताव लिहू नका.

पैसा कुणाच्या खात्यात येणार

हा प्रश्न सुटेपर्यंत पुढे जाता येत नाही. तुमची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, पॅन आणि संस्थेच्या नावाचं खातं असेल, आणि आयकराची १२ ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसूट) ही दोन्ही प्रमाणपत्रं चालू असतील, तर रस्ता सरळ आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, पण बोलताना सगळे अजून ‘८० जी’च म्हणतात. प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपलेली असणं हे देणगी अडकण्याचं नेहमीचं कारण, तेव्हा तारीख आधी बघा.

नोंदणी नसेल तर नवी संस्था काढायला धावू नका. ठाण्यात किंवा वाशीत आधीपासून काम करणारी, लेखापरीक्षण नियमित असलेली संस्था शोधा आणि तिच्याशी एक पानी करार करा: पैसा त्यांच्या खात्यात, काम तुमचं, बिलं दर महिन्याला, व्यवस्थापनाचा त्यांचा वाटा किती ते लिहून. तोंडी ठरलेला वाटा पुढे हमखास भांडणाला कारण होतो.

तिसरा मार्ग म्हणजे पैसा हातातच न घेणं. कंपनीने बसचं बिल थेट भरायचं, जेवणाचं बिल थेट बचतगटाला द्यायचं आणि तुम्ही फक्त माणसं जमवायची. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना हे पुरतं.

मंडळाने वर्गणी काढायची म्हटली तर गणेशोत्सवाला धर्मादाय कार्यालयातून ‘४१ क’ची (वरच्या १९५० च्या अधिनियमातलं कलम) परवानगी काढतात, ती इथेही लागू होते. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामाच्या नावाने पैसे गोळा करायचे तर ती हवी.

आणि अमेरिकेतला भाचा. “मामा, मी शंभर डॉलर पाठवतो” असा फोन येतोच. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि २०१० च्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. शंभर डॉलरपायी संस्था अडचणीत आणू नका. त्याला म्हणावं, गावी आलास की आमच्याबरोबर डबे वाहायला चल.

मागायचं कुणाकडे आणि केव्हा

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाऊन उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यापैकी काही एक तेवढं किंवा जास्त असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, वागळे इस्टेटमध्ये आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये अशा कंपन्या आहेत, आणि कायदाच त्यांना आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. अर्जात वस्तीचं नाव आणि कंपनीच्या गेटपासूनचं अंतर लिहा. “रबाळ्यातल्या आपल्या कारखान्यापासून दीड किलोमीटरवरची वस्ती” या वाक्याचं वजन मोठं असतं.

हा निधी, ज्याला सगळे ‘सीएसआर’ म्हणतात, घ्यायला संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. म्हणूनच जुन्या संस्थेची सोबत कामाला येते.

इथली एक खाच: मॅरेथॉन, बक्षीस समारंभ यांसारखे एका दिवसाचे सुटे कार्यक्रम या खर्चात धरत नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तेव्हा अर्जात ‘सहल’ हा शब्दच नको. वर्षभराचा कार्यक्रम लिहा: कुटुंबांची नोंदणी, भेटीआधीची तयारी, भेट, नंतर मुलांचं चित्रप्रदर्शन, मग कूपनवर स्वतंत्र भेट (कूपनाचं शेवटी सांगितलंय). कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाला चालना आणि वारसा, कला, संस्कृतीचं जतन हे दोन्ही विषय आहेत. तुमचं काम शिक्षणाखाली सहज बसतं.

वेळ सांभाळा. कंपन्यांचं नियोजन एप्रिलच्या आधी ठरतं, म्हणून पहिली भेट डिसेंबर-जानेवारीत घ्या. उरलेली रक्कम संपवायची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा पैसे लवकर मिळतात, पण ३१ मार्चच्या आत खर्चून दाखवावे लागतात आणि नेमक्या त्याच वेळी मुलांच्या परीक्षा असतात. रोटरी आणि लायन्स क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष कामं शोधत असतात तेव्हा, म्हणजे मे-जूनमध्ये, त्यांना गाठा.

अर्ज दोन पानांचा पुरे. पहिल्या पानावर कोण, किती, कुठे, कधी आणि एकूण रक्कम. दुसऱ्यावर वरचं अंदाजपत्रक. मागे जोडायचं: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ ए आणि ८० जी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विश्वस्तांची यादी, रद्द केलेला चेक आणि संग्रहालयाचं पत्र. हे शेवटचं पत्र बहुतेक अर्जांत नसतं आणि तेवढ्यानेच तुमचा अर्ज वर येतो.

संग्रहालयाशी बोलणी

मोठ्या संग्रहालयांत शिक्षण विभाग असतो. तिकिटाच्या खिडकीवर विचारून उपयोग नाही, त्या विभागाला पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात हे विचारा: गटाला सवलत किंवा माफी मिळेल का, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर काही वेगळा दर आहे का, मराठीत बोलणारा मार्गदर्शक त्या दिवशी असेल का, डबे खायला जागा कुठे, आणि पिशव्या ठेवायची सोय आहे का. डब्यांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ४८ डबे घेऊन दारात अडवलं की सगळा दिवस तिथेच विस्कटतो.

बंद वार तपासा. भायखळ्याचं संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी बंद, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी. सगळ्यांना सुट्टी म्हणून लोक २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट निवडतात आणि कुलूप बघून परततात. मोठी संग्रहालयं दुरुस्तीसाठी काही दालनं महिनोन्महिने बंद ठेवतात, म्हणून आठवडाभर आधी फोन करा आणि आदल्या दिवशी पुन्हा.

पहिल्या फेरीला कुठलं? आमचं मत भायखळा. तिथे वेगवेगळे कारागीर, व्यवसाय, पेहराव दाखवणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. भिंतीवरच्या पाट्या न वाचता समजणारी ही गोष्ट. आईबाप स्वतःहून मुलांना “हे बघ, आजोबा असंच काम करायचे” असं सांगू लागतात, आणि मार्गदर्शकाने तेव्हा गप्प बसायचं असतं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, त्याच्यापाशी लहानग्यांचा अर्धा तास सहज जातो. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मुलांना जास्त आवडेल, कारण तिथे हात लावून बघायचं असतं. पण ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मी आणि पुढे पुन्हा बस किंवा टॅक्सी. २४ मुलं घेऊन दादरचा पूल ही पहिल्या फेरीची गोष्ट नाही. काळा घोड्याच्या संग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. सोपारा जुन्या ठाणे जिल्ह्यातलंच, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तो जरूर दाखवा. नवी मुंबईकरांना अर्ध्या दिवसाची रंगीत तालीम करायची तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र जवळ आहे. तिथली फ्लेमिंगोंची बोटफेरी महाग पडते, ती अंदाजपत्रकात धरू नका.

कुटुंबं कशी ठरवायची

पिवळं कार्ड दारिद्र्यरेषेखालचं, केशरी वार्षिक एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाचं. दोन्ही चालतील असं ठेवा आणि कार्ड फक्त बघा, झेरॉक्स मागू नका. अमेरिकेत २०१४ पासून ‘म्युझियम्स फॉर ऑल’ नावाची योजना चालते. तिथे सरकारी अन्नसाहाय्याचं कार्ड खिडकीवर दाखवलं की एका कार्डावर चार माणसांपर्यंत फुकट किंवा फार तर तीन डॉलरमध्ये प्रवेश मिळतो, बाकी चौकशी नाही. हे आपल्याकडेही उचलण्यासारखं आहे.

पण इथे एक अडचण आहे. तुर्भे, दिघा, कळवा इथल्या कितीतरी कुटुंबांचं कार्ड गावाकडे असतं किंवा नसतंच. त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविका किंवा मुख्याध्यापकांचा शब्द पुरे माना. उत्पन्नाचा दाखला मागितलात तर तहसील कचेरीच्या हेलपाट्यात ज्यांना खरी गरज आहे तेच गळतील.

नाव नोंदवताना पाच गोष्टी लिहून घ्या: माणसं किती आणि वयं काय, कुणाला चालायला त्रास आहे का, कुणी गरोदर किंवा तान्हं बाळ घेऊन येणार का, खाण्यात काय चालत नाही, आणि रात्री लागणारा फोन. घरकाम करणाऱ्या बायकांना महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या असतात. त्या विचारूनच तारीख ठरवा. कारखान्यातल्या पुरुषांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असंही नाही.

गळती होणारच. अनामत रक्कम घेऊन ती रोखायचा सल्ला पुष्कळ देतात, आम्हाला तो पटत नाही. वीस रुपयांसाठी माणूस हिरमुसतो आणि पुढच्या वेळी नावच देत नाही. त्याऐवजी दोन कुटुंबं प्रतीक्षेत ठेवा, आदल्या रात्री आठला आणि सकाळी सहाला फोन करा.

वार, वेळ आणि लोकल

रविवार म्हटला की मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन चारच्या आसपास संपतो, कधी मुख्य मार्गावर, कधी हार्बर आणि ट्रान्सहार्बरवर. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की काही स्टेशनं गाळतात. आदल्या दिवशी घोषणा बघा आणि जाताना साडेनऊची गाडी पकडा. कामाच्या वारी आठ ते साडेदहा ठाण्याहून मुंबईकडे मुलं घेऊन चढायचा विचारही नको. दुसरा शनिवार किंवा दिवाळीच्या सुट्टीतला मधला वार सगळ्यात सोयीचा. मे महिन्यात अर्धी वस्ती गावी असते.

ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल धरा, बसायला जागा मिळते. ऐरोली, रबाळे, दिघा, तुर्भे इथल्यांनीही ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन तीच गाडी पकडावी. हार्बरने गेलं तर भायखळा लागत नाही, कुर्ल्याला बदलावं लागतं आणि कुर्ल्याचा पूल मुलांना घेऊन चढणं म्हणजे दिव्य. सगळ्या ४८ जणांचा एकच डबा आधी ठरवा. बायका महिला डब्यात आणि पुरुष दुसरीकडे असं केलं की भायखळ्याला दोन मुलं पुढच्या स्टेशनात जातात. दोन स्वयंसेवकांनी आधी उतरायचं, दोघांनी शेवटी.

ओळखपत्रावर मुलाचं पहिलं नाव आणि स्वयंसेवकाचा फोन, बस. पत्ता, आडनाव, देणगीदाराचं बोधचिन्ह नको. परतीची गाडी चारच्या आत धरली तर संध्याकाळची गर्दी टळते. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी जोरदार पावसाचा इशारा असेल तर तारीख सरळ पुढे ढकला. जेवणाची ऑर्डर त्या अटीवरच द्या.

डबे वस्तीतल्याच महिला बचतगटाकडून घ्या. पैसा वस्तीत राहतो आणि चवीची तक्रार येत नाही. पोळी-भाजी आणि सुका मसालेभात चालतो. रस्सा, दही, आमटी नको, लोकलमध्ये सांडते आणि उन्हात आंबते.

आत दीड तास पुरे. त्यापुढे मोठ्यांचे पाय दुखतात आणि लहानांना भूक लागते. सगळी दालनं दाखवायचा अट्टहास नको. प्रत्येक मुलाने एक वस्तू निवडून तिचं चित्र काढायचं, एवढंच काम द्या.

फोटोंबद्दल देणगीदाराशी आधीच बोला. फलक धरून रांगेत उभ्या केलेल्या कुटुंबांचा फोटो मागितला जातो. त्याऐवजी मुलांच्या चित्रांचे आणि पाठमोरे फोटो देऊ, असं अर्जातच लिहून टाका. चेहरा दिसणार असेल तर पालकांची लेखी संमती हवी.

हिशेब

प्रत्येक फेरीला एक पाकीट आणि त्यावर फेरीची तारीख. रिक्षाला बिल नसतं, तेव्हा कुठून कुठे, किती, कुणाला हे लिहून सही घेतलेलं व्हाउचर करा. बचतगटाचे पैसे खात्यात द्या. एका व्यक्तीला एका दिवशी दहा हजारांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च संस्थेच्या कामाचा म्हणून धरत नाहीत. देणगीही दोन हजारांवर रोख घेऊ नका, देणाऱ्याला ८० जी ची सूट मिळत नाही. आणि देणाऱ्याचा पॅन त्याच दिवशी घ्या. संस्थेला वर्षाअखेरीस देणग्यांचं विवरण ऑनलाइन भरावं लागतं, प्रमाणपत्र त्यातूनच निघतं. नुसत्या पावतीपुस्तकातल्या पावतीवर देणगीदाराचं काम होत नाही, आणि मग मे महिन्यात फोन सुरू होतात.

फेरी झाल्यावर पंधरा दिवसांत एक पान अहवाल आणि खर्चाचा तक्ता पाठवा. किती नोंदले, किती आले, किती का आले नाहीत, हे खरं लिहा. उरलेले पैसे परत करायचे की पुढच्या फेरीला वापरायचे, ते विचारल्याशिवाय वापरू नका.

दुसऱ्यांदा स्वतःहून

एकदा वाट कळली की कुटुंबाला तुमची गरज उरत नाही, फक्त पैशांची उरते. त्यासाठी कूपन. संग्रहालयाशी ठरवा की कूपनवर प्रवेश द्यायचा आणि महिन्याच्या शेवटी वापरलेल्या कूपनांचंच बिल संस्थेला पाठवायचं. कूपनाला अनुक्रमांक, संस्थेचा आणि संग्रहालयाचा असे दोन्ही शिक्के, सहा महिन्यांची मुदत आणि फाडून ठेवायचा अर्धा भाग हवा. वर ‘गरीब कुटुंब योजना’ असलं काही छापू नका, ‘कुटुंब प्रवेशिका’ पुरे. लोकलचे पैसे कूपनाबरोबर पाकिटात रोख द्या आणि सही घ्या.

ही पद्धत बहुधा दारावर फसते. करार वरच्या मजल्यावर झालेला असतो, रविवारच्या पाळीतल्या रखवालदाराला काही माहीत नसतं. तो “हे चालत नाही” म्हणतो, बाप काही न बोलता पोरांना घेऊन मागे फिरतो आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून कूपनाचा नमुना आणि संग्रहालयाच्या पत्राची प्रत तिकीट खिडकीवर आणि रखवालदाराच्या चौकीत चिकटवून घ्या, कूपनाच्या मागे संग्रहालयातल्या जबाबदार माणसाचा कचेरीचा फोन छापा, आणि पहिल्या दोन रविवारी तुमचा एक माणूस दाराशी उभा ठेवा.